नानांना विचारा : कानात बोलणारे गडी

गेल्या अंकात मी अमेरिकेच्या बिंग क्रॉस्बीला आणि आपल्या तलत महमूदला, या दोन गायकांना, एकाच वाक्यात बसवलं, दोघांनाही 'क्रूनर' म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. दोघांनी कौतुक केलं, एकाने झापलं, बाकीच्यांनी प्रश्न विचारले. म्हणून टेपरेकॉर्डरचे सैल पट्टे आणि रेडिओचे खरखरणारे व्हॉल्यूम या खेपेला बाजूला. ज्यांनी त्याबद्दल लिहिलंय त्यांनी महिनाभर दम धरावा.

नाना, क्रूनर म्हणजे नक्की काय? मऊ आवाजाचा गायक एवढाच अर्थ असेल, तर आमच्या गावचे कीर्तनकार बुवा सोडून सगळेच क्रूनर ठरतील.
— निवृत्त शिक्षक, चाळीसगाव

गुरुजी, मऊपणा पुरेसा नाही. त्यात मायक्रोफोन लागतो.

आमचं भुसावळला लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान. तुळशीचं लग्न लागलं की मृगापर्यंत वडील घरी कमीच असायचे. सुरत पॅसेंजरने अमळनेर, तिथून बैलगाडीत फोनो, अँप्लिफायर, बॅटरी आणि भोंगा. मी दहा-अकरा वर्षांचा. दर तव्यामागे, म्हणजे तबकडीमागे, सुई बदलायची आणि बॅटरीजवळ कुणाला बिडी ओढू द्यायची नाही, ही माझी कामं. बोरीकाठच्या एका लग्नात भोंगा निंबाला बांधला होता. सनई झाली, आरत्या झाल्या, मग वडिलांनी तलतचा तवा लावला. ओट्यावर बसलेले एक म्हातारेबाबा पानाला चुना लावता लावता थांबले आणि म्हणाले, "हाऊ गडी ते कानमा बोलस भो!"

क्रूनर या शब्दाची याहून चांगली फोड मला आजवर सापडलेली नाही. भोंगा निंबाच्या शेंड्यावर, पण माणूस बोलतोय कानात.

१९२५ पर्यंत तबकडी भरताना गायकाला मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून जोर लावून गावं लागे. त्या आवाजाच्या धक्क्यानेच मेणावर खाच पडायची. हळू गायलं तर खाचच पडणार नाही. नाटकातही तेच, शेवटच्या रांगेतल्या माणसाने तिकिटाचे पैसे दिलेले असत. १९२५ साली विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि मायक्रोफोनने श्वास, उसासा, ओठ मिटल्याचा आवाजसुद्धा टिपायला सुरुवात केली. हे यंत्र ओरडण्यासाठी नसून जवळ जाण्यासाठी आहे, हे ज्यांच्या लवकर ध्यानात आलं ते क्रूनर. १९०३ साली जन्मलेला क्रॉस्बी त्यांतला सगळ्यांत मोठा. मूळ शब्द स्कॉटलंडकडचा, गुणगुणणं किंवा अंगाई म्हणणं अशा अर्थाचा. सुरुवातीला तो शिवीसारखाच वापरला जायचा. बोस्टनच्या कार्डिनलनी, म्हणजे तिथल्या बड्या कॅथलिक धर्मगुरूंनी, तर १९३२ साली या गाण्यावर जाहीर तोंडसुख घेतलं. राग कशाचा होता ते उघड आहे. रेडिओ घरात, बाई घरात आणि एक परका पुरुष तिच्या कानाशी.

आपल्याकडे हीच जवळीक कलकत्त्याच्या पंकज मल्लिक आणि कुंदनलाल सैगलांनी आणली. सैगल क्रॉस्बीपेक्षा एक वर्षाने लहान. गाण्यात येण्याआधी टाइपरायटर विकायचे. १८ जानेवारी १९४७ ला गेले. पुढे कितीतरी वर्षं रेडिओ सिलोनवर सकाळी आठला तीन मिनिटं कमी असताना त्यांचं गाणं लागायचं. आमच्या दुकानात त्या तीन मिनिटांत गिऱ्हाइकाशी बोलायची बंदी होती. वडिलांनी एकदा फौजदारालासुद्धा बोटाने गप्प केलं होतं. फौजदारही गप्प बसला.

तलत महमूद यांचा आवाज थरथरतो तो मुद्दाम की काही त्रास होता?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, धुळे

त्रास नव्हता बेटा, गळाच तसा. लखनौला १९२४ साली जन्म, तिथल्याच मॉरिस कॉलेजात शिक्षण, कलकत्त्यात तपनकुमार या नावाने बंगाली गाणी, मग १९४९ मध्ये मुंबई. इथे आल्यावर काही जणांनी त्या कंपाला दोष म्हटलं. असं सांगतात, की संगीतकार अनिल विश्वास यांच्याकडे गाताना तलतनी तो दाबून पाहिला, तर अनिलदांनी विचारलं, तुझ्या आवाजातला तो कंप कुठे गेला, मला तोच हवाय. १९५० साली ते गाणं पडद्यावर आलं आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

कुणी तुझ्या आवाजातला दोष दाखवला, तर आधी कुणा अनिलदांना ऐकव.

माझ्या सासऱ्यांच्या शेजारी रेल्वेचे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. ऑस्ट्रेलियाला जाताना ते रेकॉर्डची एक लाकडी पेटी आमच्याकडे ठेवून गेले. तिच्यात तीसेक जड, काळ्या रेकॉर्ड आहेत : बिंग क्रॉस्बी, पेरी कोमो, नॅट किंग कोल. जिम रीव्हजच्या दोन मोठ्या, वाकणाऱ्याही आहेत. बऱ्याच जणींवर पांढरी बुरशी धरली आहे. स्वच्छ कशा करू? आणि यांना किंमत येईल का?
— गृहिणी, भुसावळ

ताई, आधी माझा गुन्हा ऐका, मग उपाय.

१९७४ चा उन्हाळा. दुकानात टेपचं हेड पुसायला स्पिरिटची बाटली कायम असायची. वडिलांच्या आवडीचा तलतचा एक तवा धुळीने भरला होता. म्हटलं, चकाचक करून त्यांना चकित करू. फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि गोल गोल पुसलं. फडकं काळं झालं. मला वाटलं, काय मळ निघतोय! दुसरं फडकं घेतलं, तेही काळं. तिसऱ्याला लक्षात आलं की मळ कधीच संपलाय, आता तवा निघतोय. लावून पाहिला तर गाण्याच्या जागी नुसती खर्र, मधूनच कुठेतरी खोल विहिरीत पडल्यासारखा एखादा शब्द. वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी तो तवा खोक्यात परत ठेवला आणि जेवायला बसले. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारण साधं आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची ती जड तबकडी चपडा लाखेची असते. त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळलेली. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी राळ करतात तीच ही. जगभरच्या तबकड्यांना ती मुख्यतः आपल्या देशातून जायची. आपल्या सातपुड्यात फुलतो त्याच पळसाच्या जातीवरची राळ अमेरिकेत जाऊन क्रॉस्बीचा आवाज घेऊन भुसावळच्या बंगल्यात परत आली, असं समजायला हरकत नाही. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आपले सुतार फ्रेंच पॉलिश करतात ते याच चपड्याचं, स्पिरिटमध्येच. सुताराच्या पोराला जे कळलं असतं ते मला रेडिओवाल्याला कळलं नाही.

तेव्हा स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन यातलं काहीही जवळ आणू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वाटीभर घ्या. त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब. लहान मुलांचा रंगवायचा मऊ ब्रश बुडवून खाचांच्या दिशेने गोल फिरवा, खाचा ओलांडून आडवा नको. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नका. तबकडी भिजत ठेवायची नाही. मग दुसऱ्या साध्या डिस्टिल्ड पाण्याने तसंच पुसून सुती कापडाने टिपा आणि सावलीत उभी करून वाळवा.

ठेवतानाही उभ्या, पुस्तकांसारख्या. एकीवर एक आडव्या रचल्या तर खालची तडकणार. आणि आपल्या गावाचा मे महिना विसरू नका! पत्र्याखालचा माळा, पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं लोखंडी कपाट, या दोन्ही जागा भट्ट्या आहेत. तुमच्या जिम रीव्हजच्या दोन तबकड्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे विनाइलच्या एलपी. त्या पापडासारख्या वाकतात. तळमजल्यावरची आतली खोली, जिथे आपण लोणच्याची बरणी ठेवतो, ती जागा यांची.

वाजवण्याबद्दल एवढंच. जुन्या तबकडीची खाच रुंद असते, एलपीची बारीक. दोघींना एकच सुई चालत नाही. जुन्या तबकडीला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई मागा, एलपीला एक मिल किंवा त्याहून बारीक. चावीच्या फोनोची पोलादी सुई मात्र एलपीवर चुकूनही ठेवू नका, नांगर फिरेल.

किमतीचं म्हणाल तर निराशा होईल. ही गाणी इतकी खपली की दुर्मीळ राहिलीच नाहीत. क्रॉस्बीचं नाताळचं प्रसिद्ध गाणं घ्या. ते त्याने १९४२ साली भरलं. त्यावरून इतक्या तबकड्या दाबल्या की मूळ साचाच झिजला. शेवटी १९४७ मध्ये त्याच वाद्यवृंदाला आणि कोरसला बोलावून तेच गाणं, शक्य तितकं तसंच, पुन्हा गाऊन घ्यावं लागलं. आज लोक ऐकतात ते बहुतेक दुसऱ्यांदा गायलेलंच. गिनीज बुकाने त्याच्या पाच कोटी प्रतींचा अंदाज दिलाय. तुमच्या पेटीत ते निघालं तर लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबर भिंगाखाली वाचा आणि मला कळवा, कोणतं ते पाहू. मला स्वतःलाच उत्सुकता आहे.

पेटीतली खरी किंमत तुमच्या सासऱ्यांपाशी आहे. नाताळच्या रात्री शेजारी कोण नाचायचं, कोणती तबकडी आधी लागायची, सासूबाई खिडकीतून बघायच्या की खिडकी लावून घ्यायच्या, हे त्यांना विचारून फोनमध्ये भरून ठेवा. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा. आवाज संगणकावर घेणार असाल तर वेव्ह फाइल करा, एमपीथ्री नंतर कधीही करता येते. आणि पेटी कुणाला द्यायचीच झाली तर भंगारवाल्याआधी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सला विचारा. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची ही मंडळी १९९० पासून काम करताहेत.

आमचा जळगावात कराओकेचा ग्रुप आहे. दर महिन्याला कार्यक्रम करतो. किशोर, रफी यांच्या गाण्यांना टाळ्या पडतात, पण मी तलत किंवा हेमंतकुमार गायला लागलो की लोक मोबाईल काढतात. माझा आवाज चांगला आहे, सगळे म्हणतात. मग काय चुकतं?
— बँक कर्मचारी, जळगाव

भाऊ, तुमच्या ग्रुपचं नाव नसलं तरी असले कार्यक्रम मी पाहिलेत आणि काहींना सेटही दिलाय. माझ्या मते तीन गोष्टी चुकतात आणि तिन्ही गळ्याबाहेरच्या आहेत.

पहिली, एको. मिक्सरवरचं ते बटण लोक भाजीत तिखट टाकावं तसं टाकतात. कानात बोलणारा माणूस अजिंठ्याच्या लेणीतून बोलल्यासारखा वाटला तर कोण ऐकेल? पूर्ण बंद करा. पहिली दोन मिनिटं उघडं पडल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

दुसरी, पट्टी. कराओकेचा ट्रॅक मूळ पट्टीत असतो आणि तुम्ही त्याच्यामागे फरपटत जाता. ॲपमध्ये पट्टी एक-दोन सूर उतरवता येते. तुम्ही ज्या सुरात घरात फोनवर बोलता त्याच्या आसपास गाणं आलं पाहिजे.

तिसरी सगळ्यांत मोठी, माइक. तुम्ही तो आइस्क्रीमसारखा तोंडात धरता, की पुढाऱ्यासारखा हातभर लांब? हळू ओळीला चार बोटांचं अंतर, आवाज चढला की वीतभर मागे. प, फ, ब, भ आले की तोंड किंचित बाजूला, नाहीतर सुतळी बॉम्ब फुटतात. अमेरिकेचा गायक फ्रँक सिनात्रा हे माइक जवळ-लांब करणं वाद्य वाजवल्यासारखं करायचा. १९४० मध्ये तो टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये गेला. डॉर्सी ट्रॉम्बोन हे फुंकायचं पितळी वाद्य वाजवायचा आणि लांबलचक ओळी श्वास न तोडता काढायचा. सिनात्राने मागे बसून त्याची पाठ न्याहाळली, दम वाढवायला पाण्याखाली पोहला आणि वाक्य मध्येच न तोडता गायला शिकला. तुम्ही मेहरूणच्या तळ्यात उडी मारा असं मी म्हणत नाही. पण ओळीत श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा पेन्सिलने कागदावर करा. शब्द तुटला की गाणं तुटतं.

आणि तलत कार्यक्रमाच्या मध्यावर, धांगडधिंग्याच्या गाण्यामागे लावू नका. एकदा चाळीस माणसांची बैठक करा, घराच्या गच्चीवर, खुर्च्या जवळ जवळ. दोन मोठे स्पीकर नकोत, एक छोटा पुरे. असं गाणं मी ऐकलंय, म्हणून सांगतोय. स्पीकर भाड्याने देणारा माणूस छोटा स्पीकर घ्या म्हणतो, म्हणजे बघा!

तुम्ही गोऱ्यांची थुंकी कशाला झेलता? आपल्याकडे गजाननराव वाटवे होते. त्यांच्यावर लिहा.
— एक संतप्त वाचक, पारोळा

राग मान्य, 'गोऱ्यांची' मान्य नाही. नॅट किंग कोल काळा होता. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात तो मंचावर गात असताना गोऱ्यांची टोळी त्याच्यावर चालून आली आणि त्याला खाली पाडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. लोक बघत होते, पण देशभरासाठी एकही मोठा जाहिरातदार पुढे आला नाही आणि साधारण वर्षभराने तो बंद झाला. इतकं सोसलेल्या माणसाच्या आवाजात कडवटपणाचा कणही ऐकू येत नाही. १९६५ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याची थुंकी झेलायलाही माझी तयारी आहे.

आता वाटवे. बेळगावचा जन्म, १९१७ चा. कविता हातात घेऊन, स्वतः चाल लावून, समोर हार्मोनियम घेऊन ते शब्द शब्द समोरच्याला देत. पुण्याच्या गणेशोत्सवात त्यांच्यासाठी रस्ते भरायचे. २००९ मध्ये गेले. त्यांच्याआधी ग. ना. जोशी, व्यवसायाने वकील, पुढे एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम बघणारे. आणि साठीच्या दशकात इंदूरचे अरुण दाते. हा माणूस शिक्षणाने कापडाचा इंजिनिअर! आमच्या प्रताप कापड मिलच्या अमळनेरकरांना हे सांगितलं की ते उगाचच खूश होतात. मला विचाराल तर मराठीतला अस्सल क्रूनर दातेच. वाटव्यांना मी क्रूनर म्हणणार नाही. त्यांची मुळं मैफलीत आणि चौकात आहेत, दात्यांची आकाशवाणीच्या माइकमध्ये. यावर आणखी रागावून पत्र पाठवा, छापू.

माझं सलून आहे. दुकानात जुनी गाणी लावतो, पण पोरं म्हणतात 'झोप येते, बदला'. काय करू?
— पाचोरा

वस्तरा गळ्यावर असताना झोप आलेलीच बरी! पेरी कोमो गायक होण्याआधी पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावात न्हावी होता, स्वतःचं दुकान होतं त्याचं. ही गोष्ट छान अक्षरात लिहून आरशाशेजारी लावा. सकाळी अकरापर्यंत तुमची गाणी, मग पोरांची.

जुन्या तबकड्यांची गाणी मी इंटरनेटवर टाकली तर गुन्हा होतो का?
— शिरपूर

ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्याने, ते निघालं त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. म्हणजे १९६५ अखेरपर्यंत निघालेल्या तबकड्यांचा हा हक्क २०२५ सोबत संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. धरणगावचे बालकवी १९१८ साली गेले, त्यांची कविता मोकळी आहे. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत राखीव. दोन्ही बाजू तपासा, मग टाका. हौशी मंडळाने तिकीट न लावता ही गाणी गायली तर कायदा त्याला उल्लंघन मानत नाही.

माझी आई ८४ वर्षांची आहे. तिच्या लग्नात भोंग्यावर लागलेलं एक गाणं तिला ऐकायचंय. शब्द आठवत नाहीत, चाल थोडी गुणगुणते. ऐकूही कमी येतं. कसं शोधू?
— नंदुरबार

तिचं गुणगुणणं फोनवर भरून मला पाठवा. कसंही असो, सूर सुटलेला असला तरी चालेल. सोबत लग्नाचं साल आणि गाव कळवा. साल कळलं की त्यानंतरची गाणी आपोआप गळतात. शिवाय कुठल्या लग्नात कोणता तवा लागला याची वडिलांची एक वही माझ्याकडे आहे. पानं कुरतडलेली आहेत, पण तुमचं गाव तिच्यात निघालं तर काम सोपं होईल.

तोवर तिला सैगल, तलत, हेमंतकुमार ऐकवून बघा. वयाबरोबर आधी बारीक, चढे आवाज ऐकू येईनासे होतात. हे भरदार, खालचे आवाज बऱ्याचदा टिकतात. आवाज फार मोठा करू नका, फाटला की शब्द जातात. स्पीकर तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवा. टीव्ही बंद, कुकर बंद. आणि पंखाही बंद करा, त्याच्या घरघरीत पहिली ओळ बुडते.

मे महिन्यात असेल तर पहाटे पाचला लावा.